उलटा चालणारा ठिपका

नदीकाठच्या त्या वसाहतीत तिच्या बाबांना नावाने कुणी हाक मारत नसे. ते ठिपकेवाले. त्यामुळे ती ठिपकेवाल्यांची मुलगी. शाळेत असताना या बिरुदाने तिचं डोकं फिरायचं. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे सुतार, कुणाचे बसचालक. एवढं सांगितलं की समोरच्याला कळायचं. तिच्या वडिलांचं काम ती सांगायला लागली की समोरचा आधी मान हलवायचा आणि मग घड्याळाकडे बघायचा.

बाबांच्या मते मात्र त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. ते नगरपालिकेत होते. नदी दर काही वर्षांनी काठ सोडून गल्ल्यांत शिरायची. गल्ल्या अरुंद, आणि वरच्या रस्त्यावर जायला दोनच जिने, एक बेकरीजवळचा आणि एक वाचनालयाजवळचा. बाबांनी ही वसाहत संगणकात उभी केली होती. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. प्रत्येक ठिपक्याला त्या त्या माणसाच्या सवयी दिलेल्या. कोण भरभर चालतं, कोण शेजाऱ्याला घेतल्याशिवाय निघत नाही, कोण शेवटपर्यंत खिडकीत उभं राहून पाण्याची मजा बघतं. मग निळं पाणी आत सोडायचं आणि बघायचं, वर कोण पोचतं आणि अडकतं कोण.

तिला हे कळलं ते संगणकावर नव्हे, जेवणाच्या टेबलावर. आई कपडे शिवायची. तिच्याकडे बटणांचा एक पत्र्याचा डबा होता. एका रविवारी बाबांनी टेबलावर पुस्तकं उभी करून गल्ल्या केल्या, बटणं ओतली आणि तिला सांगितलं, "एकच नियम. पुढची जागा रिकामी असेल तर हलायचं, नाहीतर थांबायचं. चल, सगळ्यांना वर ने." ती बोटाने एकेक बटण सरकवत गेली. दोन जाड पुस्तकांच्या कोपऱ्यात सगळी एकमेकांना भिडली आणि ठप्प झाली.

"कुणी नियम मोडला?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"कुणी वेडेपणा केला?"

"नाही."

"तरी अडकलेच ना? बस्स. मी ऑफिसात दिवसभर हेच बघत असतो."

आई दारातून म्हणाली होती, "बघून झालं असेल तर माझी बटणं रंगाप्रमाणे लावून ठेवा. कोटाची शर्टात गेली तर दोघांनाही शिवून टाकीन."

हे एवढं टेबलावर पटत होतं, पण वर्षातून एकदा वाचनालयाच्या खालच्या खोलीत सभा भरायची तिथे पटवताना बाबांच्या नाकी नऊ यायचे. सोबत ती असायची. तिचं काम म्हणजे विजेची लांब वायर उलगडणं आणि सभा संपल्यावर ती गुंडाळणं. पडदा जुना होता, खाली ओढला की एका बाजूला तिरका व्हायचा, त्यामुळे नदीसुद्धा तिरकी वाहायची. लोक घडीच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसायचे. आणि पहिल्या रांगेत हरकतकाका.

हरकतकाकांचं किल्ल्यांचं दुकान होतं. वसाहतीतलं असं एक कुलूप नव्हतं ज्याची किल्ली त्यांनी कधी ना कधी घासली नव्हती. कुठल्याही सभेत त्यांचा हात पहिला वर जायचा आणि वाक्य ठरलेलं असायचं, "माझी हरकत आहे." बाबांच्या अगदी पहिल्या सभेत त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या त्या संगणकात माझी बायको आहे का? कारण ती असेल तर कुणी सांगितलं म्हणून ती घरातून निघणार नाही. मी अनुभवाने सांगतोय."

खोली हसली. बाबा हसले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सुरुवातच तिथून केली. "काका, वहिनींना घातलंय. तिसऱ्यांदा सांगितलं की निघतात."

मागच्या रांगेतून काकू ओरडल्या, "तिसऱ्यांदा? माझी एवढी स्वस्तात बोळवण करू नका, पाच तरी करा!"

बाबांनी तिथल्या तिथे पाच केले. तो बदल वसाहतीने डोळ्यांनी बघितला. तिला पुढे कधीतरी कळलं, की त्या दिवशी पहिल्यांदा काही लोकांनी हाताची घडी सोडली होती.

आणि मग ते कुत्रा प्रकरण. संगणक सांगत होता, की माणसं दोन्ही जिन्यांवर सारखी वाटली जातील. पुराच्या सरावाच्या दिवशी प्रत्यक्षात सगळी वसाहत वाचनालयाच्या जिन्यावर लोटली. का? तर बेकरीच्या जिन्यावर बेकरीवाल्या मावशींचा कुत्रा आडवा पसरायचा आणि त्याला ओलांडायची कुणाची छाती नव्हती. "तुमच्या संगणकात कुत्रा आहे का?" हरकतकाकांनी भर रस्त्यात विचारलं. तो नव्हता. त्या वर्षीची सभा बाबांनी अशी उघडली, "आज आधी माझी चूक बघू." त्यांनी ठिपक्यांचा चुकलेला खेळ पूर्ण दाखवला, कुठे आणि का चुकला ते सांगितलं, मग कुत्रा घालून पुन्हा दाखवला. तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. आधी चूक, मग पुढचं.

"लोकांपुढे स्वतःच्या चुका कशाला काढता?" आईने एकदा विचारलं होतं.

"अगं, ते माझी चूक शोधायलाच येतात. आधीच हातात दिली की मग त्यांना बाकीचं बघायला वेळ मिळतो."

दुसरा शिरस्ता निरोपाचा. सभेच्या आधी बाबा दारोदार फिरून कोण आलं, कोण गेलं ते विचारायचे. कुणी वारलं असेल तर त्याचा ठिपका ते स्वतः कधी काढत नसत. लॅपटॉप घेऊन त्या घरी जायचे, पडद्यावर तो ठिपका दाखवायचे, आणि घरातल्याच कुणीतरी कळ दाबायची. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. आईच्या ठिपक्याला एक खास सवय होती. जिन्यापर्यंत पोचून तो परत फिरायचा, गॅस बंद आहे ना बघायला. बाबांनी तिच्यासमोर कळ दाबली. खेळ पुन्हा चालवला. मग जेवायला काय करायचं हे विचारावं तशा आवाजात म्हणाले, "आता आपलं घर लवकर बाहेर पडतं."

गेल्या हिवाळ्यात बाबाही गेले. आजारपणात ती नोकरी सोडून त्यांच्याकडे राहायला आली होती. ते गेल्यावर नगरपालिकेने त्यांचं काम तिलाच दिलं, आणि ते घरही आता तिचंच झालं होतं. बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा ती वापरायची. त्यातली एक छोटी, पितळी किल्ली घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. तिने ती काढून टाकली नाही, एवढंच.

या वर्षीची सभा नेहमीची नव्हती. बाबांनी इतक्या वर्षांच्या खेळांतून एक बेत तयार केला होता. पाणी वाढून भोंगा वाजला की खालच्या गल्लीने आधी निघायचं, मधलीने मग, आणि वरच्या गल्लीने आपली पाळी येईपर्यंत घरात थांबायचं. सगळे एकदम निघाले की जिना तुंबतो आणि खालची गल्ली पाण्यात राहते, हे पडद्यावर लख्ख दिसायचं. पण पाणी चढताना घरात थांबा हे कुणाला आवडणार? वरची गल्ली वर्षानुवर्षं अडून बसली होती. "पुढच्या वर्षी हात वर करायला सांगतो," असं बाबा शेवटच्या सभेत म्हणाले होते. पुढच्या वर्षी ते अंथरुणात होते.

"मॅडम, हे शेवटचं," नगरपालिकेतले साहेब तिला म्हणाले. साहेब नवे होते, वाईट नव्हते. "वसाहतीने हात वर केले तर बेत लागू करू. नाहीतर हा ठिपक्यांचा कारभार बंद. जिन्याजवळ पाटी लावू, 'उंच जागी जा'. आणि एक ऐका, वडिलांसारखं चुकांपासून सुरू करू नका. आपणच डळमळीत दिसलो तर लोक कशाला ऐकतील? नेटकं दाखवा."

तिला ते पटलं, असं नाही. पण सोयीचं वाटलं. चुकांपासून सुरुवात करायची म्हणजे बाबांसारखं उभं राहायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, आणि मध्येच आवाज फुटला तर सगळ्यांसमोर फुटणार. शिवाय या वर्षी ती दारोदार गेलीच नव्हती. प्रत्येक दारात कुणीतरी "बाबा असते तर" म्हणालं असतं. तिने ऑफिसातून फोन केले. खालची गल्ली झाली, मधली सुरू झाली. मधल्या गल्लीच्या यादीत स्वतःच्या घराशी आली तेव्हा ती उठून पाणी प्यायली, आणि परत येऊन सुरू केलं ते शेजारच्या घरापासून पुढे.

सभेच्या दिवशी दुपारी तिने बाबांच्या जुडग्यातल्या किल्लीने वाचनालयाची खालची खोली उघडली. खुर्च्या तशाच, पडदा तसाच तिरका. वायर उलगडली. लोक आले. बेकरीवाल्या मावशी दुकान मदतनिसावर टाकून पिठाच्या हातांनीच आल्या. पियानोबाई आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. खालच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांना त्यांनी पियानो शिकवला होता. अलीकडे त्यांना ऐकू येत नसे आणि कानातलं यंत्र त्या पर्समध्ये ठेवत. "त्यात फार आवाज होतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शेजारी हरकतकाका. साहेब दाराजवळ उभे.

तिने नेटकं दाखवलं. आलेख, टक्के, दोन्ही जिन्यांची तुलना. कुठे अडखळली नाही. आणि बोलता बोलता तिला दिसत गेलं, की एकेक करून सगळ्यांनी पुन्हा हाताची घडी घातली आहे.

"झालं?" हरकतकाका म्हणाले.

"झालं, काका."

"या वर्षी चुकलं काहीच नाही वाटतं?"

कुणीतरी खुसखुसलं. साहेब घसा खाकरून म्हणाले, "आता प्रत्यक्ष खेळ बघू या ना."

तिने खेळ सुरू केला. निळं पाणी काठावर आलं. खालच्या गल्लीतले ठिपके निघाले, वाचनालयाच्या जिन्यावरून वर सरकले. मग मधली गल्ली. सगळे एका दिशेने, वर. आणि मधल्या गल्लीतून एक ठिपका निघाला तो खाली. गर्दीच्या उलट, कडेकडेने, वाट देत देत, पाण्याच्या दिशेने. पियानोबाईंच्या घराशी थांबला. थोड्या वेळाने तिथून दोन ठिपके निघाले, बरोबरीने, हळूहळू, आणि जिना चढले.

हा ठिपका सगळ्यांना ठाऊक होता. बाबा दर वर्षी त्याच्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा उलटा निघालेला शहाणा म्हणजे मी."

"पोरी," हरकतकाका म्हणाले. त्यांनी हात वर केला नव्हता. "हा तर तुझा बाप."

"हो."

"अजून चालतोय?"

साहेब पुढे झाले. "एका ठिपक्याने काही फरक पडत नाही. एवढ्या मोठ्या वसाहतीत..."

"साहेब, तुम्ही बसा," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. "घरातलं बोलणं चाललंय."

तिला साहेबांचं वाक्य उचलता आलं असतं. एका ठिपक्याने खरंच टक्के हलत नसत. तिने टेबलाची कड धरली.

"चूक आहे," ती म्हणाली. "या वर्षीची चूक हीच. सगळ्यांची घरं विचारली, आमचं तेवढं वगळलं. मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दामच." आवाज फुटला. तो फुटणारच होता.

हरकतकाका उठले. गुडघा धरत टेबलापाशी आले. "माझ्या आईच्या वेळी तुझे बाबा दुकानात आले होते लॅपटॉप घेऊन. गिऱ्हाईक होतं, त्याला मी बाहेर काढलं. मी कळ दाबेपर्यंत ते नुसते उभे राहिले. बोलले काही नाहीत, नाहीतर एरवी तोंडाला कुलूप नसायचं त्यांच्या." ते तिच्या बाजूला उभे राहिले. "दाब. मी आहे."

तिने मधल्या गल्लीतलं आपलं घर उघडलं. दोन ठिपके. एक तिचा. दुसऱ्यावर बाण नेला. पडद्यावर बाबांनी स्वतःच लिहिलेली सवय उमटली, 'शेवटी निघतो. आधी बाईंकडे.' तिने कळ दाबली.

मग तिने खेळ पुन्हा चालवला. आता गर्दीला कुणी आडवं येत नव्हतं. मधली गल्ली भरभर वर गेली. वेळ खाली उमटली, आधीपेक्षा कमी. "आता आपण लवकर बाहेर पडतो," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला ओळखीचा वाटला.

पण खालच्या गल्लीत एक ठिपका हललाच नाही. निळं त्याच्याभोवती आलं, मग त्याच्यावरून गेलं.

"तो कोण?" पियानोबाईंनी मोठ्याने विचारलं. ऐकू आलं नसलं तरी बघत त्या होत्या. "माझं घर आहे ना ते? मी काय करतेय आत?"

"भोंगा ऐकू आला नाही तुम्हाला!" मावशी त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"मग कुणी सांगायला नको का?" बाई रागावल्या. पर्समधून यंत्र काढून त्यांनी कानात घातलं.

"माझी हरकत आहे," हरकतकाका म्हणाले. "हे असं चालायचं नाही. बाईंकडे मी जाईन. घाल मला."

"काका, तुम्ही वरच्या गल्लीत राहता."

"मग? उलटं यायचं. तुझा बाप यायचा."

तिने घातलं. फोनवर त्यांनी चालण्याचा वेग 'एकदम फर्स्टक्लास' सांगितला होता.

"धादांत खोटं!" मागून काकू ओरडल्या. "जिना उतरताना मला धरतात!"

तिने वेग कमी केला आणि खेळ सुरू केला. काकांचा ठिपका गर्दीत शिरला, ढकलला गेला, मधल्या गल्लीच्या तोंडाशीच अडकला. निळं पुन्हा बाईंच्या घरावरून गेलं. काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. स्वतःला असं अडकलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

"वरची गल्ली थांबते म्हणून निदान एवढी तरी वाट आहे," ते हळूच म्हणाले. "सगळे एकदम निघालो असतो तर?"

"बघायचं?"

"नको. कळलं."

"अहो, बेकरी बाईंच्या तीन दारं पलीकडे आहे," मावशी म्हणाल्या. "मला घाल. भट्टी बंद करायला मला जरा वेळ लागतो, तोही घाल. उगाच मला फर्स्टक्लास करू नकोस."

भट्टीचा वेळ घातला. ठिपका बेकरीतून निघाला, बाईंच्या दाराशी थांबला. दोन ठिपके जिना चढले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबलं.

"पण दार वाजवलेलं तरी कुठे ऐकू येतं बाईंना?" काका म्हणाले. "म्हणून तर तुझ्या बाबांकडे किल्ली होती. मीच घासून दिली होती, पितळी, छोटी."

तिने पर्समधून जुडगा काढला. ती किल्ली कडीत घट्ट बसली होती, नखाने निघेना. काकांनी जुडगा हातातून घेतला, कडी एका झटक्यात उघडली, किल्ली काढून मावशींच्या पिठाळ हातावर ठेवली.

"म्हणजे ही आता कधीही माझ्या घरात येणार?" पियानोबाई म्हणाल्या.

"पाव घेऊन येईन," मावशी म्हणाल्या.

"मग हरकत नाही."

साहेबांनी दाराजवळून विचारलं, "मॅडम, हात वर करायला सांगायचं?"

तिने बेत एकदा सांगितला, साध्या शब्दांत, आलेखाशिवाय. कोण आधी, कोण मग, कोण थांबणार. खालच्या गल्लीचे हात वर झाले, मधलीचे झाले. वरच्या गल्लीत चुळबुळ झाली. आणि मग पहिल्या रांगेतून नेहमीचा हात वर गेला.

"बोला काका," तिने सवयीने विचारलं. "काय हरकत आहे?"

"हरकत कसली?" काका तडकले. "हात वर करायला सांगितलंस ना?"

मागे वळून त्यांनी वरच्या गल्लीकडे बघितलं. तिकडचेही हात वर झाले. सगळे नाहीत, पण पुरेसे. काकूंचा हात मात्र खालीच होता.

"अगं, हात!" काका म्हणाले.

"पाचदा सांगा," काकू म्हणाल्या, आणि हात वर केला.

लोक गेले. साहेब तिच्याशी हात मिळवून गेले, पाटीचं काही बोलले नाहीत. खुर्च्या घडी करायला काका थांबले. ती गुडघ्यांवर बसून वायर गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्याभोवती, आईच्या लोकरीसारखी. बाबांनी तसंच शिकवलं होतं.

"पुढच्या वर्षी आधी चूक दाखव," काका म्हणाले. "आम्हाला सवय लागलीय."

"आणि चूक नसली तर?"

काकांनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि गुडघा चोळला.

"असं होतं का कधी? नसलीच, तर माझा गुडघा दाखव."